लांब छताच्या गाड्या: अमेरिकी स्टेशन वॅगन आणि तिचे हौशी

कारखान्यातून बाहेर पडल्या त्या दिवसापासूनच ज्या मोटारी ऐश्वर्याच्या, वेगाच्या किंवा मानमरातबाच्या खुणा मानल्या जात होत्या, त्यांच्यावरच जुन्या गाड्यांच्या संग्राहकांची नजर सुरुवातीची अनेक दशके खिळून राहिली, आणि त्यात नवल काही नव्हते. ड्यूसेनबर्ग, पॅकार्ड किंवा कॅडिलॅकच्या उघड्या टपाच्या गाड्या त्यांच्या पहिल्या मालकांनीच जिवापाड जपल्या होत्या. संग्राहकाला त्या जपणुकीचा वारसा आयता मिळाला. अमेरिकी स्टेशन वॅगनच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. मुले, कुत्री, तंबू, सामानसुमान, सिमेंटची पोती आणि म्हातारपणी जळाऊ लाकूड वाहून वाहून ती झिजली, तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे पोहोचली आणि बहुतेक वेळा भंगारात निघाली. आज या गाड्यांसाठी राज्याराज्यांतले भंगारवाडे पालथे घालणाऱ्या हौशींचा जो वर्ग अमेरिकेत उभा राहिला आहे, त्याच्या आस्थेचे स्वरूप समजून घ्यायचे तर या विसंगतीपासूनच आरंभ करावा लागतो: लाखोंनी बनलेली वस्तू दुर्मीळ कशी होते, आणि एका पिढीला जपण्याजोगी न वाटलेली गाडी पुढच्या पिढीला हवीहवीशी का वाटू लागते?

स्टेशन वॅगन म्हणजे जिचे छत मागच्या टोकापर्यंत सरळ लांब नेलेले असते, जिच्यात प्रवाशांची आणि सामानाची जागा एकाच छताखाली असते, मागची आसने दुमडून सपाट तळ करता येतो आणि सामान आत सरकवण्यासाठी पाठीमागे स्वतंत्र दार असते अशी गाडी. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत हिलाच इस्टेट म्हणतात, आणि भारतीय वाचकाच्या डोळ्यांसमोर या शब्दाने टेल्कोने 1992 साली पुण्याहून बाजारात आणलेली टाटा इस्टेट येण्याचा संभव अधिक आहे. अमेरिकेतील हौशी आपसांत बोलताना या गाड्यांना केवळ 'लाँगरूफ', म्हणजे लांब छतवाल्या, असे म्हणतात, आणि त्या एका शब्दात सेदान-कूप जातीच्या गाड्यांविषयीची किंचित तुच्छताही मिसळलेली असते.

या क्षेत्रात दुर्मिळता दोन प्रकारची आहे आणि त्यांची गल्लत केल्याने पुष्कळ घोटाळे झाले आहेत. पहिली निर्मितीतील दुर्मिळता: गाडी मुळातच थोडी बनली, कारण ती महाग होती, चमत्कारिक होती किंवा तिचा कारखानाच बुडण्याच्या बेतात होता. दुसरी टिकावातील दुर्मिळता: गाडी भरपूर बनली, भरपूर खपली, आणि ज्या कामासाठी घेतली त्या कामातच संपून गेली. संग्राहकांच्या बाजारात पहिलीला भाव आहे, कारण कारखान्याचे आकडे दाखवून ती सिद्ध करता येते. दुसरीचा हिशेब कोणी ठेवलेला नसतो. तथापि स्टेशन वॅगनचा खरा इतिहास दुसरीतच साठलेला आहे, आणि या प्रस्तावनेचा रोख त्याच बाजूला आहे.

या गाडीचा जन्म रेल्वेच्या सावलीत झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी आगगाडीने आलेल्या पाहुण्यांना त्यांच्या ट्रंकांसह स्थानकावरून हॉटेलात किंवा उन्हाळी बंगल्यावर पोहोचवण्यासाठी ज्या घोडागाड्या असत, त्यांचीच लाकडी पेटी पुढे फोर्डच्या मॉडेल टीच्या सांगाड्यावर बसवली जाऊ लागली आणि तिला 'डेपो हॅक' असे नाव पडले. डेपो म्हणजे रेल्वेस्थानक, हॅक म्हणजे भाड्याची गाडी. मोटारकंपनी इंजिन आणि चासी पुरवी आणि वरचे लाकूडकाम लहानमोठे सुतारी कारखाने करीत. पेनसिल्व्हेनियातील मिफ्लिनबर्ग आणि लाँग आयलंडवरील हंटिंग्टन येथील कँट्रेल यांची नावे या संदर्भात वारंवार येतात. बाजूंना काच नसे, पावसात गुंडाळी सोडून पडदे लावायचे, आणि छत म्हणजे लाकडी पट्ट्यांवर ताणून बसवलेले मेणकापडासारखे आच्छादन. मोटारउद्योजक ड्युरांट यांच्या समूहातील स्टार या गाडीने 1923 साली स्टेशन वॅगन आपल्याच यादीत समाविष्ट केली, म्हणजे ती विक्रेत्याकडून तयार स्थितीत घेता येऊ लागली, आणि 1929 साली फोर्डने मॉडेल ए मालिकेत ती आणल्यावर हा प्रकार खऱ्या अर्थाने मोठ्या उद्योगाचा भाग झाला.

फोर्डचा हा निर्णय समजण्यासाठी कारखान्याबरोबर जंगलाकडेही पाहावे लागते. त्या काळी मोटारीच्या पत्र्याखालच्या सांगाड्यातही पुष्कळ लाकूड लागत असे, म्हणून हेन्री फोर्ड यांनी 1920 साली मिशिगन राज्याच्या उत्तर द्वीपकल्पात 3 लाख एकरांहून अधिक वनभूमी विकत घेतली आणि आयर्न माउंटन येथे लाकूड कापण्याचे, सुकवण्याचे आणि घडवण्याचे प्रचंड संकुल उभारले. हार्ड मॅपल आणि बर्च या कठीण लाकडांचे सांगाडे आणि त्यात बसवलेल्या गडद रंगाच्या फळ्या ही फोर्ड वॅगनची ओळख या जंगलातून आली. उरलेल्या तुकड्यांचाही फोर्ड यांनी कोळसा करून वड्या पाडल्या. अमेरिकी घरांच्या अंगणात मांस भाजण्यासाठी आजही विकला जाणारा किंग्जफर्ड नावाचा कोळसा तो हाच. एका गाडीचा सांगाडा आणि एका स्वयंपाकाचे इंधन एकाच आरागिरणीतून निघाले, हा तपशील औद्योगिक इतिहासाच्या अभ्यासकाला वॅगनच्या किमतीपेक्षा अधिक बोलका वाटावा.

लाकडी वॅगनला, जिला आता सर्वत्र 'वुडी' म्हटले जाते, तिच्या मालकाकडून सतत सेवा लागे. लाकूड हवेप्रमाणे फुगते आणि आकसते, सांधे कुरकुरतात, स्क्रू ढिले होतात, व्हार्निश उन्हात तडकले की पाणी शिरते आणि बर्चच्या सांध्यांत काळी कुज धरते. घासून पुन्हा व्हार्निश देण्याचे काम ठरावीक काळाने करावे, अशी सूचना उत्पादकच देत असत. बोटीची निगा राखण्याची सवय असलेल्या किनारपट्टीच्या श्रीमंतांना यात वावगे वाटत नव्हते, कारण मधल्या काळात वॅगन ही उन्हाळी बंगल्याची, घोड्यांच्या पागेची आणि क्लबाची गाडी झाली होती. क्रायस्लरने 1941 साली आणलेली टाउन अँड कंट्री ही त्या अभिरुचीची परिसीमा: अ‍ॅशच्या चौकटीत महोगनीच्या फळ्या, वर पोलादी छत, आणि पिंपाच्या पाठीसारखा गोलावा दिलेला मागचा भाग, ज्याची दोन दारे कपाटासारखी बाजूंना उघडत. युद्धामुळे 1942 च्या आरंभीच मोटारींचे उत्पादन थांबले, तोवर या घडणीच्या साधारण 2 हजार वॅगनच बनल्या होत्या, आणि आज त्यांतली एखादी समोर आली तर निष्णात सुतारालाही तिच्या सांध्यांपाशी थांबावेसे वाटते.

लाकूड संपले ते मुख्यत्वे खर्चामुळे. युद्धानंतर 1946 साली विलिस-ओव्हरलँड कंपनीने जीपच्या यंत्रणेवर ब्रुक्स स्टीव्हन्स या अभिकल्पकाने आखलेली संपूर्ण पोलादी स्टेशन वॅगन आणली, आणि गंमत अशी की तिच्या पत्र्यावर लाकडी चौकटीचा भास होईल असे रंगकाम केलेले होते. त्याआधी 1935 साली शेव्हरोलेने ट्रकच्या चासीवर सबर्बन ही पोलादी गाडी काढली होती, पण ती कुटुंबाची मोटार म्हणून ओळखली जात नव्हती. 1949 च्या प्लिमथ सबर्बनने प्रवासी मोटारीच्या पायावर पोलादी वॅगन स्वस्तात देऊन दाखवली, आणि तिचा खप पाहून इतर कंपन्यांनी सुतारखाने आवरायला घेतले. फोर्डचे आयर्न माउंटनचे संकुल 1951 च्या अखेरीस बंद झाले. ब्युइकने हट्टाने दोन वर्षे अधिक काढली; 1953 ची रोडमास्टर इस्टेट, जी केवळ 670 बनली, ती भार पेलणारे खरे लाकूड असलेली अमेरिकी वॅगनपरंपरेतील शेवटची गाडी मानली जाते. पुढच्या चाळीस वर्षांत वॅगनच्या अंगावर जे लाकूड दिसते ते चिकटवलेल्या प्लॅस्टिकच्या पापुद्र्यावर छापलेले आहे. फोर्डच्या कंट्री स्क्वायरने 1952 पासून ते मिरवले आणि 1991 पर्यंत सोडले नाही. या नकली लाकडाची थट्टा पुष्कळ झाली आहे. परंतु ज्या गाडीच्या प्रतिष्ठेचा उगम बंगल्यात आणि पागेत होता, ती मध्यमवर्गाच्या दारात उभी राहताना जुन्या प्रतिष्ठेची निशाणी अंगावर घेऊन आली, हे समाजशास्त्रीय सत्य त्या पापुद्र्यात आहे.

खऱ्या लाकडाच्या गाड्या वाचल्या त्या मात्र श्रीमंतांमुळे नव्हेत. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्या तरुणांना जवळपास फुकट मिळणारी, लांब फळी आत मावेल अशी आणि रात्री झोपताही येईल अशी गाडी हवी होती, आणि कुजकी, जुनी वुडी नेमकी तशी होती. त्यांनी ती वापरली, फेकून दिली, काहींनी ठेवलीही. पुढे गाण्यांनी आणि चित्रपटांनी वुडी आणि समुद्र यांची जोडी अशी पक्की केली की दक्षिण कॅलिफोर्नियातील एन्सिनिटास येथे मूनलाइट बीचवर भरणारा 'वेव्हक्रेस्ट' आणि सांताक्रूझच्या धक्क्यावरचा 'वुडीज ऑन द वॉर्फ' हे मेळावे समुद्रकाठीच शोभतात असे सर्वांना वाटते. मिशिगनच्या जंगलात जन्मलेली आणि न्यू यॉर्कच्या उपनगरी स्थानकांवर वाढलेली गाडी कॅलिफोर्नियाच्या वाळूची मानली जाणे ही स्मृतीने इतिहासावर केलेली कुरघोडी आहे, आणि हौशींनी ती आनंदाने मान्य केली आहे.

पोलादी वॅगनचे युग युद्धोत्तर उपनगरांचे युग आहे. लाँग आयलंडवरील लेव्हिटाउनसारख्या वसाहती 1947 पासून उभ्या राहिल्या, जन्मदर वाढला, दुकाने पायी जाण्याच्या अंतरावर उरली नाहीत, आणि 1956 च्या महामार्ग कायद्याने राज्याराज्यांना जोडणाऱ्या सुमारे 41 हजार मैलांच्या रस्त्यांचा आराखडा मंजूर केल्यावर उन्हाळ्याच्या सुट्टीत सारे कुटुंब गाडीत घालून हजार-दीड हजार मैल जाणे ही सर्वसामान्य गोष्ट झाली. या जीवनपद्धतीचे यंत्र म्हणजे स्टेशन वॅगन. तिच्या अभियांत्रिकीतील सारी कल्पकता इंजिनापेक्षा पाठीमागच्या दारात आणि आसनांत खर्च झाली, आणि या बाबीकडे इतिहासकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. पूर्वीच्या वॅगनला दोन भागांचे दार असे, वरचा काचेचा भाग वर उचलायचा आणि खालचा फळीसारखा खाली पाडायचा. त्यामुळे आत वाकून सामान ओढताना पोट त्या फळीवर घासे. क्रायस्लरने 1957 च्या गाड्यांत तिसरी ओळ मागे तोंड करून बसवली आणि मुलांना मागचा रस्ता पाहत प्रवास करण्याची सोय झाली. फोर्डने 1966 साली तेच दार फळीसारखे खालीही आणि घराच्या दारासारखे बाजूलाही उघडेल अशी बिजागरी योजली. ती इतकी सोयीची ठरली की इतर उत्पादकांनाही तिचे अनुकरण करावे लागले. जनरल मोटर्सने 1971 ते 1976 या काळातील मोठ्या वॅगनमध्ये काच छतात आणि खालचे दार तळाखाली सरकून अदृश्य होईल अशी 'क्लॅमशेल' म्हणजे शिंपलीसारखी यंत्रणा बसवली. ती जड होती, महाग होती, चिखल आणि गंज यांनी अडून बसे. तरीही चालू स्थितीतील क्लॅमशेल पाहण्यासाठी मेळाव्यांत आजही गर्दी जमते, आणि ती गर्दी रास्त आहे.

संग्राहकांच्या आवडीने इतिहासाचे चित्र कसे तिरपे होते याचे सर्वांत चांगले उदाहरण शेव्हरोलेची नोमॅड आहे. जनरल मोटर्सच्या अभिकल्प विभागाचे प्रमुख हार्ली अर्ल यांच्या देखरेखीखाली 1954 च्या मोटोरामा या फिरत्या प्रदर्शनासाठी कॉर्व्हेट या क्रीडामोटारीच्या तोंडवळ्याची एक वॅगन बनवण्यात आली. लोकांचा प्रतिसाद पाहून तिचे छत कार्ल रेनर यांच्या रेखाटनाच्या आधारे नेहमीच्या शेव्हरोलेवर बसवण्याचे ठरले आणि 1955 साली नोमॅड विक्रीला आली. दोनच दारे, तिरपा रुंद खांब, छतावर आडव्या पन्हळ्या, मागच्या दारावर क्रोमच्या सात उभ्या पट्ट्या: पाहताक्षणी मन वेधणारी ही गाडी होती, यात वाद नाही. पण ज्या कुटुंबाला वॅगन हवी होती त्याला चार दारे हवी होती, आणि ज्याला दोन दारांची ऐटबाज गाडी हवी होती त्याला वॅगन नको होती. शिवाय ती महाग होती आणि मागच्या दारातून पाणी गळण्याबद्दल तिची ख्याती होती. तीन वर्षांत साडेबावीस हजारांच्या आसपास नोमॅड बनल्या आणि 1958 पासून ते नाव एका साध्या चार दारांच्या वॅगनला चिकटवण्यात आले. तिचे छत वापरणारी पाँटियाकची दोन दारांची सफारी याहूनही विरळ. 1957 सालात तर ती केवळ 1,292 बनली.

याच्या शेजारी फोर्डची पार्कलेन ठेवून पाहावी. नोमॅडला उत्तर म्हणून 1956 या एकाच वर्षी काढलेली ही दोन दारांची वॅगन, नवीन छत घडवण्याचा खर्च टाळून नेहमीच्या रँच वॅगनलाच सजवून केलेली होती. ती 15 हजारांहून अधिक खपली, म्हणजे त्या वर्षीच्या नोमॅडच्या जवळजवळ दुप्पट. ग्राहकांच्या दृष्टीने कोण जिंकले हे स्पष्ट आहे. तरीही आज पुस्तके निघतात ती नोमॅडची, सुटे भाग नव्याने ओतले आणि ठोकले जातात ते नोमॅडचे, आणि पार्कलेनचे नाव वॅगनच्या वर्तुळाबाहेर क्वचितच ऐकू येते. परिणामी विकताना अपयशी ठरलेली गाडी टिकून राहिली आणि यशस्वी गाडी नाहीशी झाली. दोन दारांच्या वॅगनला चार दारांच्या वॅगनपेक्षा श्रेष्ठ मानण्याची जी रूढी संग्राहकांत पडली आहे, तिचा उगमही नोमॅडच्या या कीर्तीत आहे. वॅगनच्या मूळ प्रयोजनाशी ती रूढी विसंगत आहे असे स्पष्ट म्हणावे लागते.

निर्मितीतील दुर्मिळतेची उदाहरणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. मधला खांब काढून टाकलेल्या, काचा खाली केल्यावर बाजू पूर्ण मोकळी होणाऱ्या हार्डटॉप वॅगनची लाट 1956 साली रॅम्बलरने आणली. 1957 ची ब्युइक कॅबालेरो आणि ओल्ड्समोबिल फिएस्टा या तिच्यातील सर्वांत देखण्या गाड्या, आणि मोठ्या छताला खांबाचा आधार नसल्याने पत्रा लचकणे व पाणी गळणे हे त्यांचे ठरलेले दुखणे. फोर्डच्या अपयशी एड्सेल विभागाने 1958 साली दोन दारांची राउंडअप काढली ती 963 खपली, आणि 1960 च्या तुटपुंज्या हंगामातील नऊ आसनांची व्हिलेजर तर अवघी 59. स्टुडबेकरने 1963 साली वॅगनेअर या गाडीच्या छताचा मागचा भाग पुढे सरकवता येईल अशी सोय केली, ज्यामुळे शीतकपाटासारखी उंच वस्तू उभी नेता येई. कल्पना पुन्हा ब्रुक्स स्टीव्हन्स यांचीच, आणि तक्रारही पुन्हा पाण्याचीच. गळणे हा अमेरिकी वॅगनच्या इतिहासातील एक अखंड धागा आहे, असे थट्टेने म्हटले तरी ते फारसे खोटे ठरत नाही.

या गाडीचा ऱ्हास दोन धक्क्यांनी झाला. पहिला 1973 च्या तेलटंचाईचा. पाच हजार पौंडांच्या आसपास वजन आणि साडेसात लिटरपर्यंतचे इंजिन असलेली मोठी वॅगन त्या काळात हास्यास्पद वाटू लागली. दुसरा धक्का कायद्याचा होता आणि तो अधिक खोल गेला. 1975 च्या कायद्याने प्रत्येक उत्पादकाच्या मोटारींची सरासरी इंधनक्षमता 1985 पर्यंत गॅलनला 27.5 मैलांवर नेण्याचे बंधन घातले, पण हलक्या ट्रकांसाठी वेगळे आणि सौम्य प्रमाण ठेवले. वॅगन मोटारींत मोजली जात होती. क्रायस्लरने 1984 च्या हंगामासाठी आणलेली मिनिव्हॅन मात्र हलक्या ट्रकांच्या वर्गात बसवता आली, आणि नंतरच्या उंच, चौकोनी एसयूव्ही गाड्याही. तेच कुटुंब, तोच प्रवास, तेच सामान. फक्त हिशेबाच्या वहीतला रकाना बदलला. फोर्ड कंट्री स्क्वायर 1991 साली आणि जनरल मोटर्सच्या मोठ्या वॅगन 1996 साली बंद झाल्या. तोवर वॅगन ही बापाच्या रटाळपणाची निशाणी ठरली होती. 'नॅशनल लॅम्पून्स व्हेकेशन' या 1983 च्या चित्रपटातील बेढब हिरवी वॅगन, जी फोर्ड कंट्री स्क्वायरवरच बेतलेली होती, ती त्या थट्टेची सर्वांत प्रसिद्ध खूण आहे.

टिकावातील दुर्मिळतेची कारणे आता उलगडतात. वॅगन कुटुंबातील मोठ्या मुलाकडे, मग रंगाऱ्याकडे किंवा प्लंबरकडे, मग शेतावर जात असे. ती लांब आणि जड असल्यामुळे गाड्या एकमेकींवर आदळून शेवटची चालती गाडी विजयी ठरवण्याच्या डेमोलिशन डर्बी या जत्रेतील खेळात तिला विशेष मागणी होती, आणि कित्येक हजार वॅगन तिथे संपल्या. सेदान आणि कूप यांच्याशी पुढचा अर्धा भाग, इंजिन, गिअरपेटी समान असल्याने अनेक वॅगन त्यांच्या दुरुस्तीसाठी सुटे भाग देणाऱ्या गाड्या म्हणून कापल्या गेल्या. मागचा अर्धा भाग मात्र फक्त वॅगनचाच असतो: बाजूच्या वळणदार काचा, मागच्या दाराचा पत्रा, काच वरखाली करणारी दांडी, तिसऱ्या आसनाची बिजागरी, रबरी पट्ट्या. हे भाग पुन्हा बनवणे मागणीच्या मानाने परवडत नाही. म्हणून वॅगन जीर्णोद्धारास घेणाऱ्या हौशीला अनेकदा आपल्या गाडीसाठी दुसरी, अधिक मोडकी वॅगन विकत घ्यावी लागते, आणि त्यामुळे उरलेल्यांची संख्या आणखी एकाने घटते. या व्यवहारातील क्रूरपणा हौशींनाही टोचतो. पण त्यावर उपाय सापडलेला नाही.

या हौशींमध्ये तीन वृत्ती ढोबळमानाने दिसतात आणि त्यांचे आपसांत पटत नाही. एक वर्ग गाडी कारखान्यातून निघाली तशीच करण्याचा आग्रह धरतो आणि त्यासाठी इंजिनकक्षाच्या भिंतीवरील धातूच्या पट्टीतील संकेतांक वाचून मूळ रंग आणि आसनांचे कापड शोधतो. दुसरा वर्ग जुन्या शरीरात नवे इंजिन, नवे ब्रेक आणि वातानुकूलन बसवून ती रोज चालवतो. तिसरा वर्ग, जो संख्येने लहान पण अलीकडे अधिक मान मिळवणारा आहे, तो हात न लावलेल्या गाडीला, म्हणजे हौशींच्या बोलीत 'सर्व्हायव्हर'ला, सर्वश्रेष्ठ मानतो: झिजलेले पायपुसणे, तिसऱ्या आसनाच्या प्लॅस्टिकवर मुलाने कोरलेले नाव, टपावरच्या कॅरिअरने पाडलेले ओरखडे यांसह. अभ्यासाच्या दृष्टीने यांतील तिसऱ्याच वर्गाची बाजू बळकट आहे. कूप किंवा उघड्या टपाची गाडी नवी कोरी केल्याने तिच्या अर्थाला फारशी बाधा येत नाही, कारण तिचा अर्थ तिच्या रूपात होता. वॅगनचा अर्थ वापरात होता, आणि वापराच्या खुणा पुसल्या की तिच्यावरील लेखच पुसला जातो. पन्नास वर्षांपूर्वीच्या एका सामान्य अमेरिकी घरात काय वाहिले जाई, कोण कुठे बसे, किती लांब जाई, याची साक्ष देणारी साधने थोडी आहेत, आणि मूळ स्थितीतील वॅगन हे त्यांतले एक आहे.

भारतात या गाड्यांचा आढळ तुरळक आहे. जनरल मोटर्सचा मुंबईतील जुळणी कारखाना 1928 ते 1954 या काळात चालू होता आणि अमेरिकी गाड्या मुंबईच्या रस्त्यांना परक्या नव्हत्या. परंतु स्वतः स्टिअरिंगवर बसून कुटुंबासह शेकडो मैल जाणारा मध्यमवर्ग, त्याचे उपनगरी घर आणि त्याचा महामार्ग या तिन्ही गोष्टी तेव्हा इथे नव्हत्या, आणि त्या नसताना स्टेशन वॅगनला काम उरत नव्हते. टाटा इस्टेटचा अल्पजीवी संसार हेही त्याच कारणाचे थोडे उशिराचे उदाहरण मानता येईल.

पुढील प्रकरणे वाचताना वाचकाने एक पथ्य पाळावे. लिलावातील किमती, क्रोमच्या पट्ट्या आणि निर्मितीचे तुटपुंजे आकडे लक्ष वेधून घेतील. पण प्रत्येक प्रसिद्ध गाडीपाशी तिच्याच वर्षाची, चार दारांची, साध्या रंगाची, लाखभर खपलेली वॅगन कोणती होती हे शोधावे, आणि ती आज कुठे पाहायला मिळते असा प्रश्न विचारावा. नोमॅड पाहायची असेल तर जुन्या गाड्यांचा कोणताही मोठा मेळावा पुरतो. 1957 ची साधी चार दारांची प्लिमथ पाहायची असेल तर बरेच हिंडावे लागेल.